शांत बसलेला मेंदू काय सांगतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात झोपेवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी मेमरीची. त्यातली निवडक घेतली आहेत, लांबलचक होती ती थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठवीत आहे. एका क्लासवाल्यांनी शाळेबाहेर स्टॉल लावला होता, फ्री ब्रेन मॅपिंग म्हणून गेलो. मुलाच्या डोक्याला पट्टा बांधला, डोळे मिटून गप्प बस म्हणाले, एक प्रश्न विचारला नाही की काही सोडवायला दिलं नाही. मग लाल-निळ्या रंगातला डोक्याचा नकाशा हातात दिला आणि म्हणाले अल्फा कमी आहे, वर्किंग मेमरी वीक आहे, सहा महिन्यांचा कोर्स लावा. फी ऐकून मिस्टर उठूनच आले, पण माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. नुसतं बसलेल्या पोराची मेमरी मोजता येते का हो? (एक आई, नाशिक)

उत्तर : मिस्टर उठून आले ते बरंच केलं. पण 'सगळं थोतांड' असं एका शब्दात सांगून मोकळी झाले तर तेही खरं होणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी वर्किंग मेमरी काय ते बघू. भाजीवाली म्हणाली मेथी वीस, गवार पस्तीस, टोमॅटो चाळीस, तुम्ही दोनशेची नोट काढलीत आणि परत किती यायला हवेत ते मनातल्या मनात लावताय, तेव्हा जी कामाला लागते ती वर्किंग मेमरी. आकडे धरूनही ठेवायचे आणि त्याच वेळी त्यांच्यावर कामही करायचं. पाढे पाठ असणं वेगळं, ते कायमचं आत जाऊन बसलेलं असतं. ही मोजायची टेस्ट अगदी साधी असते. समोरचा म्हणतो 7-3-9-1-5, तुम्ही उलट म्हणून दाखवा. किंवा स्क्रीनवर येतं '8 वजा 3 बरोबर 6', खरं की खोटं ते सांगायचं, लगेच एक अक्षर दिसतं, मग दुसरं गणित, दुसरं अक्षर, अशी पाच-सहा झाली की सगळी अक्षरं क्रमाने सांगायची. घरी करून बघा, गणितं करता करता अक्षरं कशी निसटतात ते कळेल. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने 1956 मध्ये एका वेळी मनात सात गोष्टी राहतात, दोन इकडे दोन तिकडे, असा आकडा दिला होता तो सगळ्यांना माहीत असतो, पण नेल्सन कोवनने 2001 मध्ये दाखवलं की मनात घोळवायची आणि गट पाडायची सोय काढून घेतली तर मोठ्या माणसाच्याही हातात चारच्या आसपासच गोष्टी राहतात. आणि माणसामाणसात यात फरक असतो, हे शंभर टक्के खरं.

आता शांत बसलेला मेंदू. जर्मनीत येना गावात हान्स बर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी 1924 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी टिपल्या आणि पाच वर्षांनी, 1929 मध्ये, छापल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा खालीवर होणारी लाट दिसते, डोळे उघडले की ती दबते. हीच ती तुमच्या रिपोर्टमधली अल्फा. (गंमत म्हणजे बर्गर या नादी लागले टेलिपथीमुळे, म्हणजे एकाच्या मनातलं दुसऱ्याला न सांगता कळणं. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचले आणि त्याच दिवशी लांब घरी बहिणीला वाटलं की भावाला काहीतरी झालंय, म्हणून वडिलांनी तार केली. टेलिपथी काही सापडली नाही, ईईजी म्हणजे या लहरींचा आलेख सापडला.)

पुढची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण एनर्जी खातो 20 टक्क्यांच्या आसपास, आणि तुम्ही सोफ्यावर लोळत असलात तरी खातोच. 1955 मध्ये सोकोलॉफ आणि मंडळींनी लोकांना मनातल्या मनात गणितं घातली आणि पूर्ण मेंदूचा ऑक्सिजनचा खप मोजला, तर फरक जवळपास शून्य. म्हणजे आराम करतानाही आत दुकान चालूच. 1995 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला भारत बिस्वाल हा आपल्याकडून गेलेला विद्यार्थी एमआरआयचा डेटा बघत होता, माणूस मशीनमध्ये नुसता पडलेला, हात हलवत नाही, तरी डावा हात आणि उजवा हात चालवणारे मेंदूचे दोन भाग एका तालात हळूहळू वर-खाली होत होते. बाकीचे ज्याला मशीनचा कचरा म्हणून काढून टाकत होते त्यात हे सापडलं. मग 2001 मध्ये सेंट लुईसच्या मार्कस राइकल यांच्या टीमने दाखवलं की काम नसताना मेंदूतले काही ठराविक भाग उलट जास्त चालू असतात आणि काम आलं की आवरतं घेतात. त्याला डिफॉल्ट मोड म्हणतात.

मग लोकांना साहजिकच वाटलं की ज्याची वर्किंग मेमरी चांगली त्याचा आराम करणारा मेंदूही वेगळा दिसत असेल का. तर हो, दिसतो. येल विद्यापीठात 2006 मध्ये मिशेल हॅम्पसन आणि सहकाऱ्यांना आढळलं की मेंदूच्या मधल्या रेषेवरचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग, त्यांचं आराम करताना एकमेकांशी जितकं जुळतं तितका मेमरीच्या टेस्टचा स्कोअर चांगला. माणसं मोजकीच होती. 2015 मध्ये येलमधूनच अजून एक काम आलं, 126 लोकांचे दोन वेगवेगळ्या दिवशीचे स्कॅन घेतले आणि मेंदूचे कोणते भाग एका तालात चालतात त्या नुसत्या जोडण्यांच्या पॅटर्नवरून कोण कोणता ते कॉम्प्युटरने ओळखलं, आरामातले दोन स्कॅन जुळवताना 90 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर. बोटाच्या ठशासारखं.

इथवर क्लासवाले तुम्हाला सांगतील, कारण इथवर त्यांच्या सोयीचं आहे. पुढचं सांगणार नाहीत. 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात स्कॉट मॅरेक आणि बऱ्याच जणांचा पेपर आला, त्यांनी जवळपास 50,000 लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले की मेंदूतला फरक आणि बुद्धी, मेमरी, स्वभाव यातला फरक यांचं नातं खरंच किती घट्ट आहे. पुन्हा पुन्हा टिकणारं सगळ्यात मोठं नातं निघालं 0.16 इतकं (अगदी तंतोतंत जुळलं तर 1), म्हणजे माणसामाणसातल्या फरकाचा जेमतेम अडीच टक्के भाग त्यातून समजतो, उरलेला साडेसत्त्याण्णव टक्के दुसरीकडे. आणि त्याआधीचे असले अभ्यास बहुतेक पंचवीसेक लोकांवर झालेले होते, म्हणून त्यातले आकडे फुगलेले. मेंदूतल्या बऱ्याच जोडण्या एकत्र धरून अंदाज बांधला तर थोडा बरा येतो, पण तोही हजारो लोकांची सरासरी सांगायला. वर्गातल्या उंच पोरांना सरासरी दोन मार्क जास्त पडले असं निघालं म्हणून कोणी फूटपट्टीने पोराचा निकाल लावत नाही ना?

आणि हे सगळं लाखो-करोडोंच्या एमआरआय मशीनबद्दल चाललंय. स्टॉलवरच्या पट्ट्यात दोन-चार सेन्सर. हॉस्पिटलमध्ये ईईजी काढतात तेव्हा केसांना तेल लावून येऊ नका म्हणून आधी बजावतात, डोक्याची मापं घेऊन खुणा करतात, पेस्ट लावून वीसेक इलेक्ट्रोड चिकटवतात, आणि तरी पोराने दात चावले, डोळा मिचकावला की कागदावर गडबड उमटते. पोरगं पेंगुळलं तर अल्फा जाते. कवटी जाड-पातळ असेल तर लाट लहान-मोठी दिसते. काही धडधाकट हुशार माणसांत अल्फा मुळातच नावापुरती असते. शिवाय लहानपणी तिचा वेग कमी असतो आणि वाढत्या वयात सेकंदाला दहाच्या जवळ येतो, तेव्हा तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाची तुलना त्यांनी कोणाशी केली, हे विचारलंत का? विचारा एकदा, मजा येईल.

मला सगळ्यात चीड याची येते की वर्किंग मेमरी मोजायचीच होती तर उलटे आकडे विचारायला किती वेळ लागतो! मुलगा अभ्यासात खरंच अडत असेल, फळ्यावरून उतरवताना अर्धं विसरत असेल, तीन सूचना दिल्या की एकच करत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्या. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली टेस्ट आहे, तिच्यात आकड्यांचा भाग असतो, आणि रिपोर्ट रंगीत नसला तरी त्यातून काहीतरी कळतं. अडत नसेल तर काहीच करू नका.

प्रश्न : ब्रेन मॅपिंग म्हणजे पोलीस आरोपींची करतात तेच का? शाळेतल्या मुलांची करायला परवानगी कशी मिळते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाव एकच, प्रकार वेगळा. पोलिसांच्या टेस्टमध्ये आरोपीला टोपी घालून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवतात आणि मेंदू 'हे मी अनुभवलंय' असं काही दाखवतो का ते बघतात. 2008 मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांसोबत अशा टेस्टचा रिपोर्टही धरला होता, तेव्हा जगभर बोंब झाली होती की असलं कोर्टात कसं काय चालतं. पुढे 2010 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक खटल्यात सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग यातलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. शाळेबाहेरच्या स्टॉलवर संमती आपणच देतो, फॉर्म न वाचता सही करून, त्यात मुलाचा डेटा आणि आपला मोबाईल नंबर दोन्ही जातं.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला असते. इथे युनिव्हर्सिटीच्या एका स्टडीसाठी हेल्दी व्हॉलंटियर हवेत, रेस्टिंग स्टेट एमआरआय आणि मेमरी टेस्ट. पैसेही थोडे देतात. सासूबाई म्हणतात डोक्यात मशीन घालून घेऊ नकोस. जाऊ का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : सासूबाईंना सांगा की यात एक्स-रेसारखे किरण नाहीत आणि अशा स्कॅनला सहसा इंजेक्शनही नसतं. जायला हरकत नाही, फक्त अंगात पेसमेकर, जुनी क्लिप, प्लेट असलं काही असेल किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं काढायला लावतील. आत मशीनचा ठोकाठोकीचा आवाज प्रचंड, कानात बोळे देतात. मग समोर एक अधिकचं चिन्ह दिसतं, त्याकडे बघत पडून राहा, खास कसलाही विचार करू नका, झोपू नका. शेवटचं सगळ्यात अवघड आहे! 2014 मध्ये टालियात्सुकी आणि लाउफ्स या दोघांनी असे बरेच स्कॅन तपासले तर सुमारे एक तृतीयांश लोक पहिल्या तीन मिनिटांतच डुलक्या घ्यायला लागलेले. म्हणजे ज्याला आपण आरामातला मेंदू म्हणतोय त्यातले कितीतरी झोपलेले मेंदू. हलूही नका. डोकं अगदी केसभर हललं तरी गोंधळ होतो, 2012 मध्ये सेंट लुईसच्याच लोकांनी दाखवलं की लहान मुलांच्या मेंदूतल्या लांबच्या जोडण्या कच्च्या असतात असं जे निघत होतं त्यातला काही भाग पोरं जास्त चुळबुळ करतात म्हणून निघत होता. बाहेर आल्यावर 'माझी मेमरी कशी आहे' असं विचारू नका, त्यांना एकट्या माणसाबद्दल सांगता येत नाही आणि चांगली लॅब सांगतही नाही. स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं तर कळवणार का, हे मात्र सही करायच्या आधी विचारून घ्या. आणि बाय द वे, वर लिहिलेले भारत बिस्वाल आता तुमच्या जवळच, न्यूआर्कच्या एनजेआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात प्रोफेसर आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका. वर्गात खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं असतात, त्यांची वर्किंग मेमरी कमी समजायची का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. मायकेल केन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये कॉलेजच्या मुलांना दिवसभर अधूनमधून बीप करणारं यंत्र दिलं, बीप झाला की त्या क्षणी डोक्यात काय होतं ते लिहायचं. अवघड कामात लक्ष घालायची वेळ होती तेव्हा वर्किंग मेमरी जास्त असलेल्यांचं मन कमी भरकटलं. पण 2012 मध्ये दुसऱ्या एका टीमने मुद्दाम सोपं, कंटाळवाणं काम दिलं तर नेमकं उलटं, जास्त मेमरीवाल्यांचंच मन जास्त बाहेर गेलं. म्हणजे तुमच्या खिडकीतल्या पोराला एकतर धडा झेपत नाहीये, नाहीतर तो फारच सोपा जातोय. अवघड प्रश्न टाकून बघा, दोन मिनिटांत कळेल कोणतं ते.

प्रश्न : पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतोय. दिवसभर वाचतो, रात्री आठवत नाही. यूट्यूबवर बघून ड्युअल एन-बॅक ॲप घेतलं, स्कोअर वाढतोय पण पॉलिटी अजून तिथेच. माझ्या मेंदूची कपॅसिटीच कमी आहे का? (एक विद्यार्थी, सदाशिव पेठ)

उत्तर : अरे बाबा, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. रात्री न आठवणं हा वर्किंग मेमरीचा प्रॉब्लेमच नाही बहुतेक, ती सेकंदांचा खेळ आहे. तुझं वाचलेलं आत मुक्कामालाच जात नाहीये.

एन-बॅक म्हणजे चौकोन चमकत राहतात, कानात अक्षरं येत राहतात, आणि आत्ताचं दोन किंवा तीन घरं मागच्याशी जुळलं की बटण दाबायचं. 2008 मध्ये सुझान येगी यांच्या पेपरमध्ये आलं की याच्या सरावाने बुद्धीच वाढते, त्यावर ॲपचा धंदा उभा राहिला. पुढे 2013 मध्ये थॉमस रेडिक वगैरेंनी जास्त काटेकोर करून बघितलं, खेळातला स्कोअर वाढला, बुद्धी आहे तिथेच. ल्युमोसिटी नावाच्या ब्रेन गेमच्या कंपनीला अमेरिकेच्या ट्रेड कमिशनसोबतच्या सेटलमेंटमध्ये 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरावे लागले, जाहिरातीत पुराव्याशिवाय दावे केले म्हणून. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला अँडर्स एरिक्सनचं वाटतं. 1980 मध्ये त्यांनी एका साध्या कॉलेजच्या पोराची गोष्ट छापली, ऐकलेले सातच आकडे सांगू शकणारा तो पोरगा दीड-पावणेदोन वर्षांच्या सरावाने 79 आकडे सांगायला लागला. तो धावपटू होता, 3-4-9-2 ऐकलं की त्याला ती एक मैलाची वेळ दिसायची, 3 मिनिटं 49.2 सेकंद. आणि आकड्यांच्या जागी अक्षरं दिली? परत सहा. वर्किंग मेमरी तसूभरही मोठी झाली नव्हती, त्याला फक्त आकड्यांचे गट पाडायला जमायला लागलं होतं.

तू तेच पॉलिटीत कर. मूलभूत हक्कांची कलमं सुटी घोकू नकोस, 14 ते 18 समानता, 19 ते 22 स्वातंत्र्य, 23-24 शोषणाविरुद्ध, 25 ते 28 धर्म, 29-30 संस्कृती आणि शिक्षण, 32 ला कोर्टात जायचा हक्क, आधी ही सहा घरं पक्की कर आणि मग प्रत्येक घरात कोण राहतं ते भर. आणि हायलायटर ठेव बाजूला. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये दाखवलंय, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. ॲपचं सबस्क्रिप्शन बंद कर, त्या पैशात मेसचं जेवण नीट जेव आणि रात्री झोप, मागचा अंक वाच.

प्रश्न : वय 71. स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो तेच आठवत नाही. ओळखीच्या एकाने ईईजी काढून घ्या, अल्फा स्लो झाली असेल म्हणाले. काढू का? (एक निवृत्त वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काका, अल्फाचा वेग वयाप्रमाणे थोडा उतरतोच, आणि वर्किंग मेमरीही विशी-तिशीनंतर हळूहळू कमीच होत जाते. विसरभोळेपणासाठी स्वतःहून ईईजी काढण्यात अर्थ नाही, ती तपासणी मुख्यतः फिट्ससाठी असते, गरज वाटली तर डॉक्टर सांगतील. दाराशी जाऊन विसरणं आणि परत खुर्चीत आल्यावर 'अरे, चष्मा आणायचा होता' हे आठवणं, यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण नेहमीचा रस्ता चुकायला लागला, पैशाचा हिशोब जमेना, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारायला लागलात आणि हे तुमच्यापेक्षा घरच्यांच्या जास्त लक्षात येतंय असं झालं, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. त्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून बी-12 आणि थायरॉईड बघून घ्या, शाकाहारी असाल तर बी-12 नक्कीच, आपल्याकडे ते कमी निघणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि भरून काढता येतं. कान तपासा, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते विसरलो असं वाटतं. झोपेची किंवा ॲलर्जीची रोजची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्यातल्या काही गोळ्या डोकं जड करतात. आणि पत्रात रिपोर्टचे फोटो जोडू नका काका, मला ते वाचता येतात पण औषध लिहिता येत नाही.